मी कदम होतो तेव्हा

गेल्या महिन्यात मुलुंडच्या एका मॉलमध्ये मी स्वतःची कॉफी स्वतःच्या डोळ्यांदेखत थंड होऊ दिली. काउंटरवरच्या मुलाने पेल्यावर लिहायला नाव विचारलं आणि मी सवयीने 'राहुल' म्हणून मोकळा झालो. माझं नाव राहुल नाही. थोड्या वेळाने 'राहुल! राहुल!' असा पुकारा सुरू झाला, तो थांबेना, तेव्हा मी बायकोला म्हणालो, "हल्लीच्या पोरांना जरा म्हणून शुद्ध नाही बघ. ऑर्डर देऊन राहुल महाशय उलथले." माझी मुलगी मैत्रेयी शांतपणे उठली, दोन पेले घेऊन आली आणि एक माझ्यापुढे ठेवत म्हणाली, "बाबा, राहुल तुम्हीच आहात." बायको, म्हणजे सुजाता, म्हणाली, "जाऊ दे गं. निदान नाव तरी आपल्यातलं, बुद्धाच्या मुलाचं घेतलंय."

मैत्रेयी मानसशास्त्र शिकते, त्यामुळे आमच्या घरात हल्ली साधी चूक कुणाला करता येत नाही. तिने विचारलं, "नाव अडतं म्हणून बदलता, की लपवायचं असतं म्हणून?" मग पिशवीतून तिच्या प्रकल्पाचा फॉर्म निघाला. त्यात चौकोनी खण होते. आपण कोणत्या कोणत्या अल्पसंख्य गटात मोडतो तिथे खूण करायची, आणि खाली लिहायचं की या सगळ्याचा मिळून मनावर काय परिणाम झाला. मी मोजलं. हिंदूंच्या वस्तीत बौद्ध. बौद्धांच्या विहारात कोकणातला. कोकणातल्यांत पुन्हा बौद्ध. आणि या तिन्ही ठिकाणी तोतरा. "चार खण भरतायत," मी म्हणालो, "बक्षीस मिळणार ना?" परिणाम लिहायला दीड ओळ जागा होती. तिथे मी 'पित्त' एवढंच लिहिलं. ते खोटं नव्हतं, पण पुरेसंही नव्हतं, म्हणून हे प्रकरण लिहितोय.

माझं नाव कपिल काशीनाथ कांबळे. गाव कणकवलीजवळ. ज्या मुलाची जीभ नेमकी क वर अडते त्याला एवढे क देणं हा काही कुणाचा दुष्टपणा नव्हता. बाबांनी कपिलवस्तूवरून मोठ्या हौसेने नाव ठेवलं तेव्हा मी आठ दिवसांचा होतो आणि फक्त रडत होतो, तेही न अडखळता. पुढे बोलायला लागलो आणि घोटाळा लक्षात आला. बाकीची अक्षरं बऱ्यापैकी चालायची. प थोडा कुरकुरायचा. क आला की मात्र घशात कुणीतरी आतून कडी लावायचं. आईने वेखंड मधात उगाळून जिभेला लावलं, अक्कलकारा चघळायला लावला, कुणीतरी सांगितलं म्हणून तोंडात गोट्या ठेवून बोलायला लावलं. त्यातली एक मी गिळली, तेव्हा तो उपाय बंद झाला.

आम्ही घाटकोपरच्या डोंगरउतारावर राहायचो. एक खोली, तिला पोटमाळा, पोटमाळ्यावर मी आणि तांदळाचा डबा. भिंतीवर दोन तसबिरी आणि त्यांच्या मधोमध चौकटीत बावीस प्रतिज्ञा, बाबांनी स्वतः सुवाच्य अक्षरात लिहिलेल्या. घराला सकाळी सुकटीचा वास आणि संध्याकाळी काळ्या वाटाण्याच्या उसळीचा. शेजारी एका बाईंचं शिलाईमशीन दिवसभर धडधडायचं, समोर नळावर भांडण, मागे कुणाचा तरी कुकर. आणि दर थोड्या वेळाने डोक्यावरून विमान, इतकं खाली की पोटातल्या माणसांची जेवणं दिसतील असं वाटायचं. विमान आलं की वस्तीतला प्रत्येक माणूस वाक्याच्या मध्यावर तोंड उघडं ठेवून थांबायचा आणि ते गेलं की पुढचा शब्द बोलायचा. मला विमानं फार आवडायची. तेवढा वेळ सगळी वस्ती माझ्यासारखी असायची.

बाबा मरोळच्या एका औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला होते. दोन बस बदलून जायचे. आता मेट्रोने माणूस तिथे पोचून चहा पिऊन परत येईल. ते घरात मालवणीच बोलायचे आणि थोडं बोलायचे. रविवारी आम्ही तिघं पांढरे कपडे घालून विहारात जायचो. तिथली बहुतेक मंडळी अकोला, बुलढाणा, नगरकडची. आमच्या बोलण्याची आणि माशांची ती मजेने थट्टा करायची. एक म्हातारेबुवा मला दर रविवारी सांगत, "पोरा, भात सोड. भातानं जीभ घसरते. भाकर खाय, मंग बघ कशी खडखडा बोलते." पण वंदना सुरू झाली की गंमत व्हायची. सगळ्यांच्या आवाजात मी आवाज मिसळला की एकही अक्षर अडायचं नाही. क सुद्धा. गाण्यात आणि समूहात तोतरी जीभ सुटते, हे मला मैत्रेयीच्या पुस्तकांनी आत्ता सांगितलं. तेव्हा मला वाटायचं हा विहाराच्या जागेचा गुण आहे. तशी जागा आठवड्यातून एकदाच मिळायची, आणि तिथे पुढे बसून म्हणायचा मान मोठ्यांचा होता.

अकरावीला कॉलेजात गेलो. तिथे हजेरी नंबराने व्हायची, या एका गोष्टीसाठी मी त्या संस्थेचा जन्मभर ऋणी आहे. बाकावर शेजारी बसायचा नितीन परब. त्याने माझ्या वहीवर 'कपिल' वाचलं, लगेच 'कप्या' केलं आणि पुढे काही विचारलं नाही. नित्या नाल्यापलीकडच्या कॉलनीत राहायचा. त्याचे वडील आधी गिरणीत होते, ती बंद पडल्यावर एका ऑफिसात शिपाई झाले. आई मालवणची. पहिल्यांदा घरी गेलो तेव्हा काकूंनी मला आपादमस्तक बघून विचारलं, "खंयचो रे तू?"

मी म्हणालो, "क... क... क..."

"कुडाळ?" काकूंनी विचारलं.

मी मान हलवली. मान हलवायला अक्षर लागत नाही. तोतऱ्या माणसाला जग भरभरून शब्द देतं. तुम्ही तोंड उघडता आणि समोरचा तुमचं वाक्य पुरं करून टाकतो, वर परोपकार केल्यासारखा हसतो. ते वाक्य चुकीचं असलं तरी दुरुस्त करायला पुन्हा तोच घाट चढावा लागतो, त्यापेक्षा चुकीचं वाक्य परवडतं. मी अशा रीतीने नको असताना वांग्याची भाजी खाल्ली आहे, नको त्या स्टॉपवर उतरलो आहे. एक गाव बदललं तर काय बिघडलं, असं मनाशी म्हणून मी काकूंच्या हातची आंबोळी खाल्ली. चव थेट आईच्या हातची होती, ही भानगड मला तेव्हा फार कोड्यात टाकायची.

त्या वर्षी कॉलनीच्या गणपतीत नित्याने मला ओढून नेलं. मी मागे खांबाला टेकून उभा होतो. आरती सुरू झाली, टाळ्या सुरू झाल्या, आणि माझं तोंड माझ्या परवानगीशिवाय उघडलं. लहानपणापासून लाउडस्पीकरवर ऐकून शब्द पाठच होते. जीभ अशी सुटली की काय सांगू. तिसऱ्या दिवशी परब काकांनी मला मागून पुढे ओढलं, पाचव्या दिवशी हातात माईक दिला. आयुष्यात पहिल्यांदा शंभर माणसं माझं बोलणं संपायची वाट बघत नव्हती, सुरू व्हायची वाट बघत होती. घरी सांगायचो, नित्याकडे अभ्यासाला जातो. पोटमाळ्यावर निजलो की डोळ्यांच्या सरळ रेषेत त्या बावीस प्रतिज्ञा यायच्या. त्यातली गणपतीची पूजा न करण्याची मी मोडतोय, ते अक्षर सुवाच्य असल्यामुळे स्पष्ट दिसायचं. मी कूस बदलून तांदळाच्या डब्याकडे तोंड करायचो.

मग कॉलन्यांची आरतीस्पर्धा आली. परब काका टेबलाशी बसून नावं लिहून घेत होते. माझ्या मागे रांग, तबलेवाल्याची ठोकाठोक, कुणीतरी माईक तपासत होता. "कपिल. पुढे? आडनाव बोल, लवकर."

"क... क... क..."

"कदम?"

मान हलली.

मी पहिला आलो. लाउडस्पीकरवरून 'कपिल कदम' असा पुकारा सगळ्या घाटकोपरात घुमला. प्रमाणपत्र मिळालं, त्यावर गणपतीचं रंगीत चित्र, खाली वळणदार अक्षरात कदम. ते मी घरी आणून भांड्यांच्या फळीवरच्या कागदाखाली सरकवलं.

पुढचे सहा-सात महिने मी कदम होतो. आता वाटतं, त्यात मजा यायला हवी होती. फुकटात आडनाव मिळालं होतं, कॉलनीत मान होता, काकू 'आमचो कदम' म्हणायच्या. पण माझी भूक गेली. रविवारी विहारात जाताना आईबाबांच्या वीस पावलं मागून चालायचो, न जाणो नाल्याच्या पुलावरून नित्या बघेल आणि विचारेल की पांढऱ्या कपड्यांतली ही माणसं कोण. एकदा तो खरंच दिसला, तर मी पाठ फिरवून एका बंद दुकानाच्या शटरवरची जाहिरात वाचत उभा राहिलो. आईने वळून हाक मारली. मी ओ दिली नाही. रोज सकाळी पोटात गोळा यायचा. आई डॉक्टरकडे घेऊन गेली. आमच्या वस्तीत तेव्हा मन आजारी पडत नसे, सगळ्यांना पित्त व्हायचं. नवरा गेलेल्या बाईला पित्त, नोकरी गेलेल्या माणसाला पित्त, मलाही पित्त. गुलाबी गोळ्या मिळाल्या. गोड होत्या.

गुढीपाडव्याच्या आसपास आईने फळीवरचे कागद बदलायला काढले. मी बाहेरून आलो तर बाबा सुट्टीच्या दिवसाच्या बनियनवर, मांडीवर प्रमाणपत्र घेऊन बसलेले. आई स्टोव्हकडे तोंड करून, उगाच पातेल्यात डाव फिरवत होती. मला वाटलं आता गणपतीच्या चित्रावरून आभाळ कोसळणार. बाबांनी त्या चित्रावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "ह्याचा आपण मागसून बघू." मग बोट खाली सरकलं. "ह्यो कदम कोण?"

मी सांगायला सुरुवात केली. कुडाळ, रांग, टेबल, घाई. एरवी दोन मिनिटांची गोष्ट, मला बराच वेळ लागला. मध्ये विमान गेलं तेव्हा तेही थांबले, मीही थांबलो. सगळं ऐकून त्यांनी एकच प्रश्न विचारला. "जीभ अडली, काय तू अडलस?"

मला उत्तर आलं नाही. ते जिभेवर अडलं नव्हतं, मुळात मला ते माहीतच नव्हतं. टेबलाशी उभा असताना 'कदम?' असं कुणी विचारलं आणि मला सुटल्यासारखं वाटलं, ते घशातली कडी निघाली म्हणून, की समोरच्या माणसाच्या डोळ्यांत काही बदलणार नाही म्हणून? नुसता तोतरा असतो तर लोकांनी थट्टा केली असती आणि मी पचवली असती. नुसता कांबळे असतो तर आडनाव ठणकावून सांगितलं असतं, आमच्या वस्तीतली पोरं सांगायचीच. पण मी आडनावाशी अडखळलो की लोकांना वाटायचं लपवतोय, आणि लपवतोय असं वाटेल या भीतीने मी आणखी अडखळायचो. मैत्रेयी म्हणते, "बाबा, दोन ओझी असली की बेरीज होत नाही, ती एकमेकांत गुंततात." तिला हे शिकायला दोन वर्षं फी भरावी लागली. मला ते एका टेबलाशी फुकट कळलं होतं, फक्त सांगता येत नव्हतं.

"जा नि नाव बदलून ये," बाबा म्हणाले. "मी वांगडा येतंय."

"आणि त्यांनी परत बोलावलं नाही तर?" हे मी विचारलं, आणि नवल म्हणजे न अडखळता विचारलं. तीच तर माझी खरी भीती होती. माईक, नित्या, आंबोळी, सगळं एका आडनावावर टांगलेलं होतं. आई पाठमोरीच म्हणाली, "मग घरात गा. हयसर कोण अडवता तुका?"

बाबा कॉलनीच्या इमारतीखाली थांबले. "मी खाली उभो रवतंय," म्हणाले आणि शर्टाचं वरचं बटण लावलं. परबांचं दार उघडंच होतं. दुपारची जेवणं नुकती आटोपत होती. काका पाटावर, नित्या ताटाशी बोटं चाटतोय, काकूंच्या हातात उसळीचं पातेलं. "इलो आमचो कदम! बस मरे, जेवतंस?"

मी उभाच राहिलो. म्हणालो, "माझं आडनाव ते नाही."

"मगे?"

"क... क... कां..."

"काळसेकर?" काकू म्हणाल्या.

मी मान हलवली नाही. त्या दिवशी मानेला मी घरून बजावून आणलं होतं.

"कुडाळकर असणार," काका म्हणाले. "गाव कुडाळ ना याचं."

"कोरगावकर?"

"केरकर? केरकर आमच्या गावात आहेत."

"कुलकर्णी!" नित्या म्हणाला आणि स्वतःच हसला. "छ्या, हा कसला कुलकर्णी, सुकट खातो साला."

"क... कां..." मी जोर लावत होतो. डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं.

"कां?" काकूंनी पातेलं खाली ठेवलं. "कां... कांदळगावकर!"

पाहता पाहता तिघांना रंग चढला. कांदळकर झाले, काणेकर झाले, किनळेकर, कोचरेकर, कोळंबकर झाले. मालवण, वेंगुर्ला, देवगड, सगळी गावं, सगळ्या वाड्या फिरून झाल्या. तिघंही जीव लावून शोधत होते, त्यात वाकडं काही नव्हतं, मला मदतच करत होते. दोनदा तर माझ्या दारापर्यंत आले आणि उंबऱ्यावरून परत फिरले. कोकणात आमचं घर आहे, विहीर आहे, दोन फणस आहेत, पण या तिघांच्या कोकणाच्या नकाशात ते कुठेच येत नव्हतं. आणि तिथे उभ्या उभ्या मला माझ्याच फजितीचं हसू यायला लागलं. मी श्वास घेतला, आणि टाळी वाजवली. मग दुसरी. आरतीचा ठेका धरला, आणि त्याच चालीवर, स्पर्धेत लावला होता त्याहून वरचा सूर लावून गायलो, "कपिल काशीनाथ कांबळे! गाव कणकवली, कणकवली! कपिल काशीनाथ कांबळे!"

सगळे क एका दमात निघाले. इतक्या वर्षांची माझी बांधलेली जीभ ठेक्यावर सुटली. गंमत अशी की टाळी ऐकल्याबरोबर परब काकांचे हातही सवयीने उठले होते. दोन टाळ्या त्यांनी माझ्याबरोबर दिल्या. तिसऱ्या टाळीला आडनाव त्यांच्या कानांत पोचलं आणि हात हवेत राहिले. ते आता खाली कसे आणायचे, हे त्यांना कळेना.

नित्या पहिला बोलला. "म्हणून तू मला घरी नेत नव्हतास?"

"हो."

"साला, मला वाटलं तुझी आई जेवण वाईट करते."

काकूंनी पदराने हात पुसले, जरा जास्तच वेळ पुसले. "आधीच सांगूचा नाय?" एवढंच म्हणाल्या आणि एक ताट घेऊन त्यावर उसळ वाढली. ताट घासलेलं होतं, नेहमीचंच होतं. मी बघितलं हे कबूल करतो. काका घसा साफ करून म्हणाले, "प्रमाणपत्र बदलून देऊ. चूक माझी. मीच म्हटलं कदम."

प्रमाणपत्र बदलून आलं नाही, त्याच्यावरच पांढरा रंग लावून काकांनी स्वतःच्या अक्षरात कांबळे लिहिलं. उजेडात धरलं की खालचा कदम दिसायचा. पुढच्या गणपतीत काकूंचं बोलावणं आलं, प्रसादाला पहिली हाक मला. माईक मात्र काकांच्या पुतण्याकडे होता. मी मागितला नाही. मी पुन्हा खांबाला टेकून उभा राहिलो, आणि गायलो नाही, कारण तेव्हा मला आतून गायचंच नव्हतं हे माझं मला कळलं होतं. नित्या आमच्या घरी यायला लागला. आईच्या सुकटीसाठी तो दर शनिवारी आमच्या पोटमाळ्याखाली हजर असायचा.

त्या दुपारी मात्र मी उसळ संपवून खाली आलो तेव्हा बाबा तसेच उभे होते. परबांच्या खिडक्या उघड्या होत्या. आम्ही निघालो. नाल्याचा पूल ओलांडताना ते म्हणाले, "आवाज खालपर्यंत इलो."

मी बाहीने तोंडाला लागलेली उसळ पुसली.

"सूर बरो हा," ते म्हणाले. "चाल मात्र बदलूक व्हयी." आणि पुढच्या रविवारी त्यांनी विहारात त्या म्हाताऱ्याबुवांशी, भात-भाकरीवरून वर्षभराचं भांडण उकरून काढून, मला पुढे बसवलं.

जीभ सुधारली असं कुणी समजू नये. आजही क आला की कडी लागते. मॉलमध्ये राहुल होतो, रिक्षात दुसरंच काही. पण पोटातला गोळा त्या उन्हाळ्यात गेला, उरलेल्या गुलाबी गोळ्या आईने गुळासारख्या चघळून संपवल्या, आणि विहारात जाताना मी त्या दोघांच्या मधून चालायला लागलो.

ही गोष्ट मी पुढे कित्येक वर्षं कुणाला सांगितली नाही. पहिल्यांदा सांगितली ती सुजाताला, लग्नाला जेमतेम पंधरा दिवस झाले असताना, सकाळी स्वयंपाकघरात, ती दूध तापवत असताना. मी रंगवून सांगितली. काकांचे हवेतले हात करून दाखवले, शेवटी टाळ्या वाजवत नाव गाऊनही दाखवलं. मला वाटलं ती हसेल. तिने गॅस बंद केला, ओट्याला पाठ टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "मला बघायला आलात तेव्हाही तुमचं नाव तुमच्या मामांनीच सांगितलं. तुमच्या तोंडून मी अजून ऐकलं नाही. आता सांगा. गाऊन नको, बोलून. दूध उतरवलंय, मला कुठे जायचं नाही."